पाणी किती फुटावर आलं?

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात एकच प्रश्न, पाणी किती फुटावर आलं? आणि नुसतं विचारून भागत नाही, गाडी काढायची, पोरगं पुढं टाकीवर बसवायचं आणि पंचगंगा घाटावर पूर बघायला जायचं. मी लहानपणापासून जातोय. आधी पायऱ्या जातात, मग काठावरची देवळं एकेक करून, मग दीपमाळेचं नुसतं वरचं टोक उरतं, आणि शेजारचा अनोळखी माणूस आपणहून सांगायला लागतो की ८९ ला कुठवर होतं आणि २००५ ला कुठवर. गर्दी भिजत उभी असते पण हलत नाही. जग बुडण्याच्या गोष्टींचं माणसाला एवढं वेड का, याचा विचार मी बहुतेक वेळा तिथंच उभा राहून केलाय.

आपल्या गावाच्या नावातच प्रलय आहे. करवीर या कोल्हापूरच्या जुन्या नावाच्या ज्या कथा सांगतात त्यातली एक अशी की महाप्रलयात सगळं बुडालं तेव्हा अंबाबाईनं हे क्षेत्र तेवढं वर काढलं. आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, मग बाकीच्या गावांतली माणसं? आजी म्हणाली, ते गोष्टीत नाही बाळा.

ते कुठल्याच गोष्टीत नसतं. मनूची गोष्ट बघा, शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुताना ओंजळीत एवढासा मासा येतो आणि म्हणतो मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो, आणि पूर आल्यावर त्याच माशाच्या शिंगाला नाव बांधून उत्तरेच्या डोंगराला लागतो. १८७२ मध्ये लंडनच्या म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथनं मेसोपोटेमियातली मातीची पाटी वाचली तर त्यातही तेच, पूर, नाव, डोंगराला लागलेली नाव आणि जमीन शोधायला सोडलेला पक्षी. एवढ्या लांबच्या लोकांची तीच गोष्ट. आणि ऐकणारा प्रत्येकजण स्वतःला नावेतच बसवतो, पाण्यात कुणीच बसवत नाही. मला वाटतं वेड त्याचंच आहे, आपल्याला आधी कळलेलं असतं या भावनेचं.

आजीनं असे दोन शेवट स्वतः बघितलेले. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही, आठ ग्रह एका राशीत म्हणून देशभर यज्ञ आणि जप. मग १९७९ चं स्कायलॅब, ती अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, साधारण ७७ टनांची, कुठं पडेल कुणाला सांगता येईना. उद्या मरायचंच आहे तर आज खाऊन घ्या म्हणून तिच्या माहेरी कोंबडी कापली होती आणि भांडलेल्या दोन जावा एका ताटात जेवल्या, हे ती दरवेळी डोळ्यात पाणी आणून सांगायची. ११ जुलैला तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. २०१२ ला माया कॅलेंडरचं झालं तेव्हा आजी नव्हती, नाहीतर म्हणाली असती आपलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं आहे आणि त्यातली आत्ता कुठं पाचेक हजार संपलीत.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट.

मावशीचं घर शाहूपुरीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्यातल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. म्हणजे मासा बोलत होता, प्रत्येकाच्या मोबाईलवर तासातासाला बोलत होता. काकांनी ऐकलं सगळं आणि म्हणाले, २००५ ला आपल्या उंबऱ्याला पण लागलं नव्हतं. मी पण फोनवर म्हटलं, हो काका, एवढं नाही येणार. हे मी म्हटलं होतं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद, आणि त्या दोघांना वरच्या मजल्यावरून बोटीत उतरवलं.

पाणी ओसरल्यावर आम्ही दार ढकललं तर ते उघडेना, आतून गाळ बसलेला. गहू फुगून पोतं उसवलेलं. लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली, मावशी ती नखानं सोडवत बसली होती आणि प्रत्येक पानाबरोबर चेहरे निघून येत होते. चार दिवस नुसता गाळ ओढला. मनू डोंगरावरून खाली उतरला तेव्हा त्याला पण हे लागलं असणार, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

भिंतीवर पाण्याची रेघ आहे, रंग देताना मावशीनं तेवढी पट्टी सोडायला लावली. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा ते दोघं आधीच आमच्याकडं आले होते.

मी अजूनही घाटावर जातो. फक्त आता पहिल्या दीपमाळेला पाणी लागलं की तिथूनच मावशीला फोन लावतो, आणि ती काही न विचारता कागदपत्रांची पिशवी, मिक्सर आणि तो अल्बम माळ्यावर टाकते.