मॅकबेथ, तालीम-नोंद ३: खून कुणाच्या खात्यावर?

सोलापूरच्या तालमीत शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे पहिले दोन अंक उभे राहिलेत. आता प्रश्न असा, की प्रेक्षक घरी जाताना दोष कुणाला देणार? चेटकिणींना, बाईला (मॅकबेथच्या बायकोला) की मॅकबेथला?

संहितेवर तीन पेन्सिली चालवल्या. लाल म्हणजे हात कुणाचा, निळी म्हणजे बेत कुणाचा, हिरवी म्हणजे आधी ठाऊक कुणाला. राजा डंकनच्या खुनात लाल मॅकबेथची, निळी आणि हिरवी दोघांची. डंकनच्या पहारेकऱ्यांच्या बाबतीत, त्यांच्यावर आळ घालायचा, एवढाच बाईचा बेत होता. त्यांना मारलं मॅकबेथनं, स्वतःच्या मनानं. मॅकबेथचा सोबती सेनापती बँको याच्या खुनाच्या वेळी तर तो तिला सांगतो की तू अजाणच राहा. सरदार मॅकडफच्या बायकामुलांच्या खुनापाशी तिची हिरवी रेघसुद्धा नाही. चेटकिणींच्या तोंडी ‘मार’ हा शब्द डंकनबद्दल कुठेच येत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला निळी नाही. चेटकिणींची देवी हेकटी हिचा प्रवेश (३.५, म्हणजे अंक ३, प्रवेश ५) आम्ही गाळला. तो शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मिडल्टन याचा असावा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि तो ठेवला की सूत्रं चेटकिणींच्या हाती असल्याचा भास होतो.

१.७ मध्ये कात्री जपून चालवा. ‘तू हा विषय काढलास तेव्हा ना वेळ जमत होती, ना जागा’ असं बाई म्हणते. वेळ वाचवायला हे वाक्य उडवलं, तर कल्पना तिचीच ठरते आणि नाटक पार बदलतं.

सगळ्यात जास्त वेळ डंकनच्या खुनानंतरच्या २.२ ने खाल्ला. दोन्ही खंजीर मॅकबेथच्या हातात असतात, पण बाईला ते उशिरा दिसतात. ते आधीच प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरले, तर ती आंधळी वाटते. उपाय सोलापुरी चादरीचा: खांद्यावरून घेतलेल्या चादरीत हात झाकलेले ठेवायचे आणि तिच्या वाक्यावरच बाहेर काढायचे. चादर जड असते, घसरते. खांद्याला आतून दोन मोठ्या सेफ्टी पिना हव्यातच.

मग ती खंजीर घेऊन आत जाते आणि लाल हातांनी परतते. मधे मॅकबेथची सात-आठ वाक्यंच आहेत. विंगेत पसरट ताटलीत भिजवलेले दोन स्पंज तयार ठेवा. रक्त असं: २०० मिली ग्लुकोज सिरप, ५० मिली पाणी, पाऊण चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको. कोको विसरलात तर दिव्याखाली रक्त गुलाबी दिसतं. भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार थेंब घातले की हात लवकर सुटतात. मात्र मग ते तोंडाला लावायचं नाही. एप्रिलच्या उकाड्यात पाक हातावर चिकटतो, म्हणून विंगेत पाण्याच्या दोन बादल्या आणि टॉवेल. द्वारपालाचा प्रवेशही गाळू नका, हात धुवायला तेवढीच सवड मिळते.

५.१ मध्ये बाई झोपेत चालते, तिथं तिचे हात स्वच्छच ठेवायचे, डाग फक्त तिला दिसतो. तिथं ती मॅकडफच्या बायकोचंही नाव घेते. ज्या खुनात तिचा हात नाही, तोही तिच्या झोपेत शिरलाय. म्हणून ती ओळ कुजबुजून जाऊ देऊ नये.

पुढचा टप्पा ३.३, बँकोचा खून. तिसरा मारेकरी म्हणजे वेषांतर केलेला मॅकबेथ, हा पर्याय मोहक आहे, पण आम्ही तो सोडला. बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटल्याचं ३.४ मध्ये ऐकून मॅकबेथ हादरतो. तो स्वतः तिथं असता, तर ते हादरणं खोटं पडलं असतं.