गोगोंचा बाक

हरारे (झिम्बाब्वे), ऑक्टोबर. बुधवार, रात्र.

वीज गेलीय. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहून काढते.

आज दिवसभर म्बारेच्या क्लिनिकमध्ये होते. म्बारे ही हरारेतली जुनी, दाटीवाटीची वस्ती; मुसिका बाजार आणि बाहेरगावच्या बसचा तळ इथलाच. २००५ मध्ये सरकारने ‘ऑपरेशन मुरांबात्स्विना’ म्हणत शहरोशहरी घरं आणि टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे ७ लाख लोकांचं घर तरी गेलं, पोटापाण्याचं साधन तरी गेलं, काहींचं दोन्ही. म्बारेही त्यात भरडलं गेलं. पुढच्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी इथे काम सुरू केलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. क्लिनिकमध्ये खोली रिकामी नव्हती, नर्सना सवड नव्हती. वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या तेवढ्या होत्या. अंगणात बाक टाकून त्यांनी लोकांचं मनाचं दुखणं ऐकायला सुरुवात केली, तीच आजची ‘फ्रेंडशिप बेंच’. माझी इंटर्नशिप इथेच आहे.

मला शोना भाषा येत नाही आणि दुसऱ्याचं दुःख ऐकायला मी तिथे बसतही नाही. लांब व्हरांड्यात बसून फॉर्मवरचे आकडे संगणकात भरते. पण गोगो (इथे आजीला सगळे असंच म्हणतात) दिसतात. त्यांच्याकडे १४ प्रश्नांचा कागद असतो: गेल्या आठवड्यात झोप लागत नव्हती का, फार विचार येत होते का, रडू येत होतं का. उत्तर फक्त हो किंवा नाही. आज एका प्रश्नापाशी गोगो थांबल्या. त्यांनी कागद मांडीवर पालथा ठेवला, पेन त्यावर ठेवलं, गुडघे पूर्ण बाकावर शेजारी बसलेल्या बाईंकडे वळवले आणि मगच विचारलं. कितवा प्रश्न असेल ते मला कळलं, कारण अकरावा प्रश्न जीव द्यावासा वाटला का, हा आहे. तिथे ‘हो’ आलं तर गोगो एकट्याने निभावत नाहीत, वरिष्ठांना कळवतात. आज तशी वेळ आली नाही.

मग त्या बाईंच्या अडचणींची यादी झाली. त्यातली एकच निवडायची, आणि ती त्यांनी स्वतः निवडायची. गोगो सल्ला देत नाहीत. पुढच्या भेटीपर्यंत काय कराल, कोणत्या दिवशी, सोबत कोण येईल, एवढंच खोदून विचारतात. पुढच्या भेटीत तिथूनच पुढे.

‘आजीची माया’ म्हणून या कामाचे व्हिडिओ फिरतात, ते मला खटकतात. माया आहेच. पण ती सगळीकडे असते, तिने एकटीने हे झालं नसतं. मागे रीतसर प्रशिक्षण आहे, ठरलेली पद्धत आहे, चुकलं तर सांगणारं कुणी आहे. २०१६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत हरारेतली २४ क्लिनिक आणि ५७३ माणसं होती. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं उरली होती. बाकावर बसलेल्यांत सुमारे १४ टक्के. हे कसब आहे. कसबाला कसब म्हटलं की मगच त्याच्या मोबदल्याचा आणि विश्रांतीचा विचार होतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प केला, तोही गावातल्याच माणसांना शिकवून. म्हणून इथे बसून सारखा आशाताईंचा विचार येतो. गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षण, आणि आता ‘जरा मनाचंही बघा’ म्हणून आणखी एक रजिस्टर त्यांच्या हातात द्यायचं? आधी त्यांच्यावरचं एखादं ओझं उतरवा, मग द्या.

दुपारी गोगोंसोबत साद्झा आणि पालेभाजी खाल्ली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानेच मोडून खायचा. सकाळच्या भेटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ते गुपितच राहतं. पण दिवसभर इतरांचं ऐकून घरी जाणाऱ्या बाईचं ऐकतं कोण? शुक्रवारच्या बैठकीत सुपरवायझर बाईंना हेच विचारणार आहे. गोगोंसाठी काय व्यवस्था आहे, ती कोण चालवतं, किती वेळाने होते, सगळं टिपून घ्यायचंय. पुण्यात परतल्यावर आमच्या विभागात अहवाल सादर करायचा आहे, त्याचं पहिलं प्रकरण हेच असेल.