अडकलेली हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये घालू नका

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क अडकली की कोणीतरी फ्रीजरचा उपाय सुचवतोच. कोरड्या हवेच्या गावात तो एखादे वेळी खपून जात असेल, गोव्यात तो घातक आहे. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होते ते, 24 अंशांच्या आसपास असतो. उणे 18 अंशांवरून काढलेल्या धातूवर बघता बघता पाणी धरते, आणि ड्राइव्ह काही हवाबंद नसते. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी लावलेले छोटे भोक असते. ती गाळणी धूळ अडवते, दमटपणा अडवत नाही.

मुळात बिघाडही बऱ्याचदा याच दमटपणाचा असतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या ड्राइव्हमध्ये वीज गेली की हेड, म्हणजे माहिती वाचणारे-लिहिणारे टोक, तबकडीवरच टेकतात. दोन्ही पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत, मध्ये वंगणाचा आणि ओलाव्याचा पातळ थर. चार महिने संगणक बंद राहिला की ते एकमेकांना असे धरतात की मोटरचा जोर पुरत नाही. तबकडी फिरत असेल आणि हेड हलत नसतील, तर दुखणे वेगळे, त्याबद्दल पुढे.

आधी मल्टिमीटर घ्या. ड्राइव्हच्या वीज जोडणीत पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, काळ्या दोन्ही ग्राउंड. पिवळी आणि काळी यांच्यात जेमतेम काही ओहम दिसत असतील, तर अडकलेल्या तबकडीपेक्षा टँटलम कपॅसिटरवर संशय घ्या. सीगेट कंपनीच्या एसटी-225 या ड्राइव्हवर हे सर्रास होते: कपॅसिटर शॉर्ट, त्यामुळे एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुरूच होत नाही, आणि दोष ड्राइव्हच्या माथी. मूळ मूल्याचाच पण 25 व्होल्टचा कपॅसिटर लावा, ध्रुव तपासून.

दुसरी तयारी प्रत घेण्याची. ड्राइव्ह फिरली की ती शेवटची फेरी समजून चाला. ड्राइव्ह स्कझी (SCSI) जोडणीची असेल तर ब्लूस्कझी व्ही-2 किंवा झुलूस्कझी हे मेमरी कार्डाचे सर्किट इनिशिएटर मोडमध्ये ठेवा, म्हणजे ते ड्राइव्हची प्रत कार्डावर घेते. जुन्या आयडीई (IDE) जोडणीच्या ड्राइव्हना बाजारातले यूएसबी अडॅप्टर बहुधा ओळखत नाहीत, कारण अडॅप्टरना एलबीए, म्हणजे सेक्टरना सलग क्रमांक देण्याची नंतरची पद्धत, लागते. आयडीई पोर्ट असलेला जुना पेंटियम आणि त्यावर लिनक्सचा डीडीरेस्क्यू हा प्रत घेणारा प्रोग्राम बरा. एसटी-225 सारख्या एमएफएम (MFM, त्याहून जुन्या पद्धतीच्या) ड्राइव्हना मूळ कंट्रोलर कार्ड असलेले बरे. एसटी-225 मध्ये 615 सिलिंडर (एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकचे संच), 4 हेड, ट्रॅकला 17 सेक्टर (512 बाइटचे तुकडे), म्हणजे सगळा ऐवज 21.4 एमबी. प्रत व्हायला फार वेळ लागत नाही, पण मध्येच वीज गेली तर पुन्हा फिरेलच असे नाही. यूपीएसशिवाय हात घालू नका.

आता सुकवणे. हवाबंद डब्यात पाव किलो सिलिका जेल, त्यात ड्राइव्ह दोन-तीन दिवस. तांदळात ठेवायची गरज नाही, उकडे तांदूळ जेवायला ठेवा. मग साध्या तारेच्या बल्बखाली 40 ते 45 अंशांवर दोनेक तास. वंगण सैल होते. गरम असतानाच पुढचे काम.

ड्राइव्ह आडवी धरा, दोन्ही तळव्यांत. तबकडीच्या पातळीतच मनगटाने झटका देऊन पाव फेरा फिरवा आणि एकदम थांबवा. खोके थांबते, तबकडीला पुढे जायचे असते, तेवढ्यात चिकटलेले सुटते. लगेच वीज द्या. नाही फिरली तर लांब केबल जोडून वीज देतानाच तोच झटका द्या. फिरायला लागलेल्या ड्राइव्हला मात्र कदापि हलवू नका. टेबलावर आपटणे, हातोडी हे प्रकार हेड मोडतात.

एवढ्यानेही नाही सुटली तर खालचे सर्किट बोर्ड काढा. रिबन पातळ असतात, जपून. बऱ्याच सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये मोटरचा हब उघडा दिसतो. खालून पाहताना घड्याळाच्या दिशेने, अगदी केसभर, बोटाने फिरवा. सुटल्याचे हाताला कळते. जोर लागत असेल तर थांबा, कारण पुढे हेडचा तुकडा तबकडीवरच राहील.

मॅकिंटॉशमधल्या क्वांटम प्रोड्राइव्हचे दुखणे ते वेगळे. तबकडी मिनिटाला साधारण 3600 फेरे घेत असते, पण हेडच्या आर्मला अडवणारे रबर वितळून डिंकासारखे झालेले असते आणि आर्म त्यातच रुतून बसतो. इथे उकलावेच लागते. पंखा बंद, खिडकी बंद, टॉर्क्स पाना, हातमोजे. आर्म बोटाने सोडवा, डिंक 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, तिथे कॅप्टन (Kapton) या उष्णता सोसणाऱ्या टेपचा तुकडा लावा, झाकण लावा, प्रत घ्या. या पिढीत हेड आणि तबकडीतले अंतर मोठे असल्याने थोडा वेळ उघडली तरी चालते. रोजच्या वापराचा भरवसा मात्र धरू नका.

एसटी-225 स्वतःहून हेड पार्क करत नाही, म्हणजे माहिती नसलेल्या जागी नेऊन ठेवत नाही. बंद करण्याआधी पार्क प्रोग्राम चालवा, म्हणजे पुढच्या वेळी अडकली तरी हेड माहितीच्या ट्रॅकवर नसतील.

देवस्थानाचे हिशेब किंवा नाटकाची संहिता जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिपी आणणारे सी-डॅकचे कार्ड) टंकलेली असेल, तर फाइल उघडल्यावर चित्रविचित्र चिन्हे दिसतील. ती बहुधा इस्की (ISCII), म्हणजे युनिकोडच्या आधीची भारतीय लिपींची संकेतपद्धत, असते. आयसीयू (ICU) या सॉफ्टवेअर संचातल्या यूकॉन्व्ह प्रोग्राममध्ये देवनागरीसाठीची इस्की निवडून तिची युनिकोड करा, आणि मूळ प्रत तशीच वेगळी ठेवा.