ब्रेव्ह्जचा तो जुलै

२०२१ च्या अटलांटा ब्रेव्ह्जचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल टीमचा, विषय निघाला की लोक लगेच ऑक्टोबरवर, म्हणजे शेवटच्या बाद फेरीवर येतात. सोलेरचे होम रन (आपल्या सिक्सरसारखे), रोसारिओची बॅट, मॅट्झेकची ती सातवी इनिंग. ते सगळं आहेच, पण मला त्या सीझनमधलं सगळ्यात भारी काय वाटतं तर जुलै आणि ऑगस्टचा पहिला आठवडा, जेव्हा ही टीम धड जिंकतही नव्हती आणि धड संपतही नव्हती. ती का संपली नाही हे मला लिहायचंय.

ज्यांना बेसबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका टीमला सहा महिन्यात १६२ मॅच असतात, म्हणजे जवळजवळ रोज मॅच. एकूण ३० टीम, पाच-पाच टीमच्या सहा डिव्हिजन, आणि आपल्या डिव्हिजनमध्ये पहिला नंबर काढला की प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी पक्की. एका मॅचमध्ये प्रत्येक टीमच्या नऊ छोट्या इनिंग, तीन आउट झाले की इनिंग संपली. सगळ्यात चांगल्या टीमसुद्धा सीझनमध्ये पन्नास-साठ मॅच हरतात. त्यामुळे इथं हरण्याचं सुतक पाळत बसायला वेळच नसतो, दुसऱ्या दिवशी परत मॅच.

मला हा नाद लागला आमच्या दादामुळे, चुलत भाऊ आहे, अटलांटाला असतो. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे ४.५० ला सुरू व्हायची, अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असली की चहा-आंघोळ उरकेपर्यंत चार-पाच इनिंग बघून व्हायच्या आणि उरलेली मॅच कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर नुसता स्कोअर रिफ्रेश करत. त्या वर्षी दुसऱ्या लाटेत नाशिकने जे बघितलं त्यानंतर सकाळी उठून बातम्यांच्या आधी काहीतरी वेगळं बघायला मिळतंय याचाच मोठा आधार होता.

तर ब्रेव्ह्ज. २०२० मध्ये सेमीफायनलला डॉजर्सविरुद्ध ३-१ ने पुढे असताना वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे फायनलचं दार हातातून गेलेलं. जानेवारी २०२१ मध्ये हँक आरन गेले, या क्लबचं सगळ्यात मोठं नाव. सीझन सुरू झाला तो पहिल्या चार मॅच हरूनच. मग लाइनच लागली. कॅचर ट्रॅव्हिस डार्नोच्या अंगठ्याचा लिगामेंट फाटला, ऑगस्टपर्यंत बाहेर. वास्कार यनोआ हा तरुण पिचर मस्त टाकत होता, त्याने एका खराब मॅचनंतर रागात डगआउटच्या बेंचवर हात आपटला आणि हाडच मोडलं. माइक सोरोका आधीच्या वर्षीच्या टाचेच्या दुखापतीतून परत येत होता, तर स्टेडियममध्ये नुसतं चालताना त्याचा टाचेमागचा तोच अकिलीस स्नायुबंध परत तुटला. मार्सेल ओझुनाची बोटं मोडली आणि पाठोपाठ मैदानाबाहेरच्या गंभीर प्रकरणामुळे तो उरलेला सीझन खेळलाच नाही. ऑल-स्टार मॅच, म्हणजे सगळ्या टीममधल्या निवडक प्लेअरची सीझनच्या मधली मॅच, अटलांटाला व्हायची होती ती जॉर्जियाच्या मतदान कायद्याच्या वादात डेन्व्हरला गेली, म्हणजे घरी जत्रा भरणार होती तीही नाही.

आणि १० जुलैला मायामीत रोनाल्ड अकुन्या. २३ वर्षांचा पोरगा, तोवर २४ होम रन, १७ स्टील (पळून चोरलेले बेस), टीमचा जीव. मागे पळत उडी मारून बॉल पकडायला गेला आणि पडला तो उजव्या गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटूनच. मी रविवारी सकाळी उठलो तर दादाचा व्हॉइस मेसेज आलेला, ‘संपलं रे आपलं या वर्षी.’ त्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मी पण दिवसभर कोणाशी धड बोललो नाही.

ऑल-स्टार ब्रेकला टीम ४४-४५, म्हणजे ४४ जिंकलेल्या, ४५ हरलेल्या. निम्म्याच्या खाली. पण टेबल नीट बघितलं तर पहिल्या नंबरवरचे न्यूयॉर्क मेट्स फक्त चार मॅच पुढे होते! आपल्याकडे गोदावरीला पूर आला की पाणी किती ते आपण दुतोंड्या मारुतीवरून सांगतो ना, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ब्रेव्ह्जचं पाणी छातीपर्यंत आलेलं होतं, डोक्यावरून गेलेलं नव्हतं. डिव्हिजनमधलं कोणीच सुसाट पळत नव्हतं आणि हे ज्याला दिसलं तो माणूस म्हणजे जनरल मॅनेजर अॅलेक्स अँथोपोलस.

अशा वेळी बाकीच्या टीम काय करतात तर दुकान बंद. जुलैअखेर ट्रेडची मुदत असते, त्याआधी चांगले प्लेअर विकायचे, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. हिशोबाला धरून ते चूकही नसतं. अँथोपोलसने उलटं केलं. अकुन्या पडल्यावर पाचच दिवसात शिकागो कब्जकडून जॉक पीडरसन घेतला. ३० जुलैच्या मुदतीच्या आत अजून तीन आउटफिल्डर (लांब उभे राहणारे फिल्डर), अॅडम डुव्हॉल, हॉर्हे सोलेर, एडी रोसारिओ. यातला एकही त्या दिवशी स्टार नव्हता हे मुद्दाम सांगतो. सोलेर कॅन्सस सिटीत .१९२ ने बॅटिंग करत होता, म्हणजे पाचात एक हिटही नाही. रोसारिओ तर जखमी होता, घेतला तेव्हा खेळूही शकत नव्हता. आणि डुव्हॉलला याच ब्रेव्ह्जने आदल्या डिसेंबरमध्ये सोडून दिलेलं, तोच परत आणला.

अकुन्यासारखा दुसरा अकुन्या बाजारात मिळतच नाही, आणि मिळाला तरी त्यासाठी पुढची पाच वर्षं गहाण टाकावी लागतात. म्हणून एका मोठ्या माणसाची जागा चार साध्या माणसांनी मिळून भरायची, एक नाही चालला तर दुसरा चालेल. फार मोठं धाडस नव्हतं ते, फार पैसाही नव्हता, पण टीम निम्म्याच्या खाली असताना ‘आपण अजून रेसमध्ये आहोत’ असं ठरवणं यालाच मी धाडस म्हणतो. कारण ड्रेसिंग रूममधल्या पोरांना त्यातून कळतं की वरच्यांनी आपल्याला सोडलेलं नाही.

तरी लगेच काही जादू झाली नाही हां. जुलैत दोन आठवड्यांहून जास्त काळ एक मॅच हरायची, एक जिंकायची, परत हरायची, परत जिंकायची असंच चाललं होतं, सलग दोन जिंकता येईनात की सलग दोन हरता येईनात. दादा वैतागायचा. मला मात्र तेव्हाच ही टीम खरी आवडायला लागली, कारण रोज पहाटे बघितलं की इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळ, तीच चार माणसं उभी. फर्स्ट बेसला फ्रेडी फ्रीमन, सेकंडला ऑझी अल्बीज, शॉर्टस्टॉपला (सेकंड-थर्डच्या मध्ये) डॅन्स्बी स्वॉन्सन, थर्डला ऑस्टिन रायली. चौघंही त्या सीझनला दीडशेच्या वर मॅच खेळले आणि चौघांनीही २५ च्या वर होम रन मारले, फ्रीमन ३१, अल्बीज ३०, स्वॉन्सन २७, रायली ३३. आउटफिल्डमध्ये दर महिन्याला नवीन चेहरे, पिचिंगमध्ये रोज कोणीतरी जखमी, पण ही चौकट हलली नाही. नवीन आलेल्यांना येऊन उभं राहायला जागा होती ती या चौघांमुळे, आणि याचं श्रेय अजूनही कमीच दिलं जातं असं माझं ठाम मत आहे.

६ ऑगस्टला ५६-५५. सीझनमध्ये पहिल्यांदा हारण्यापेक्षा जिंकणं जास्त, १११ मॅच झाल्यावर! तिथून गाडी सुटली ती सुटलीच. मेट्स ऑगस्टमध्ये कोसळले, त्यांचा सगळ्यात मोठा पिचर डिग्रॉम जुलैपासून जखमी होता तो त्या वर्षी परत आलाच नाही. ब्रेव्ह्जने ३० सप्टेंबरला डिव्हिजन पक्की केली, शेवटी ८८-७३. प्लेऑफला आलेल्या दहा टीममध्ये सगळ्यात कमी विजय यांचेच. जायंट्सचे १०७, डॉजर्सचे १०६. म्हणून कोणी म्हणतं नशिबाने जिंकले. मला ते पटत नाही, नशीब ज्या दारावर येतं त्या दारात सप्टेंबरपर्यंत उभं तर राहावं लागतं, आणि तेच तर अवघड होतं.

ऑक्टोबरबद्दल फार लिहीत नाही, सगळीकडे आहे. तिथंही धक्के होतेच, सोलेरला मध्येच कोविड झाला, आणि वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच मॅचला ३७ वर्षांच्या चार्ली मॉर्टनच्या पायावर बॉल बसून हाड मोडलं, तरी तो त्याच पायावर उभा राहून पुढचे तीन आउट काढून गेला. मॅनेजर ब्रायन स्निटकर १९७७ पासून याच संस्थेत, आणि समोर ह्यूस्टनच्या डगआउटमध्ये त्यांचाच मुलगा ट्रॉय हिटिंग कोच. शेवटची मॅच आपल्याकडे ३ नोव्हेंबरच्या सकाळी होती, धनत्रयोदशी होऊन गेलेली, घरात फराळाची घाई, आईने चकल्यांचा घाणा घेतलेला आणि मी टीव्हीसमोर. ७-० जिंकले. १९९५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि दोघांनाही बोलता येईना, आईच विचारत होती अरे काय झालं म्हणून.

कोणाला एकच तुकडा बघायचा असेल तर फायनल बघू नका. त्याआधीच्या फेरीतली डॉजर्सविरुद्धची सहावी मॅच शोधा, आपल्याकडे ती २४ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी होती, त्याच संध्याकाळी दुबईत पाकिस्तानने आपल्याला दहा विकेटने हरवलं म्हणून तारीख लक्षात राहिलीय. सातवी इनिंग, ब्रेव्ह्ज ४-२ ने पुढे, डॉजर्सची दोन माणसं सेकंड आणि थर्ड बेसवर, एका चांगल्या हिटवर बरोबरी होईल अशी, आणि एकही आउट नाही. टायलर मॅट्झेक येतो. हा पिचर म्हणजे ज्याला काही वर्षांपूर्वी बॉल सरळ टाकताच येईना झालेलं, मोठ्या लीगमधून बाहेर जाऊन छोट्या लीगमध्ये टेक्सासला खेळून परत आलेला. पहिला पुहोल्स, स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन थेट आउट. मग सूझा, स्ट्राइकआउट. मग मूकी बेट्स, त्यालाही तीन बॉलमध्ये. दोन्ही रनर जिथं होते तिथंच.