कोगनोळी ते कणकुंबी: परक्या वाय-फायवर चार दिवस

जीएसटीची कामं करणाऱ्याने महिन्याच्या १८ तारखेला गाव सोडू नये. २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची असते आणि अर्धे व्यापारी १९ च्या रात्री जागे होतात. पण खानापूर तालुक्यातल्या आत्याच्या शेताच्या उताऱ्यावर नाव चढायचं तीन महिने अडलं होतं आणि तिने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "येतोस की नाहीस ते सांग, नाहीतर मी एकटी जाते कचेरीत." निघालो. कोल्हापूरहून बेळगाव, तिथे दोन रात्री लॉजवर, मग खानापूर आणि एक दिवस जांबोटी-कणकुंबीकडे. बॅगेत लॅपटॉप होताच.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की मोबाइल कर्नाटकाच्या सर्कलमध्ये जातो. देशांतर्गत रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत, त्यामुळे त्याची धास्ती नको. धास्ती रेंजची. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात हायवेला नेट बरं चालतं. खानापूरच्या पुढे जंगल लागलं की त्याची शाश्वती राहत नाही.

लॉज बेळगावच्या स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. काउंटरवरच्या पोराला पासवर्ड विचारला. "आठ वेळा आठ घाला की साहेब." वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो म्हणून आठ, नाहीतर त्याने चारच ठेवले असते. माझ्या आधी या लॉजवर उतरलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक, खालच्या चहावाल्यालाही. पासवर्ड आहे म्हणजे जाळं सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण वाय-फायला कुलूप लावायच्या नेहमीच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत सगळ्यांना एकच पासवर्ड असला, की तो ठाऊक असलेल्या शेजाऱ्याला तुमची हवेतली ये-जा पकडून उलगडता येऊ शकते. त्यापुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे दार बंद केलंय, पण लॉजवाले राउटर जळल्याशिवाय बदलत नाहीत.

रात्री साडेदहाला पलंगावर पडून ३बीच्या तक्ता ४ वरचं एक व्याख्यान यूट्यूबवर बघत होतो. अंगठा कुठेतरी लागला आणि आवाज बंद. मिनिटभराने बाहेर दारं वाजायला लागली. शेजारच्या खोलीतले गोकाकचे गृहस्थ व्हरांड्यात उभे, लुंगीवर, आणि काउंटरवरच्या पोराला सांगत होते, "ते टीव्हीत कोण मास्तर शिरलाय बघ, इनपुट टॅक्स इनपुट टॅक्स म्हणून ओरडूलाय!" माझा मास्तर त्यांच्या टीव्हीत शिरला होता. यूट्यूबच्या कोपऱ्यातलं कास्टचं, म्हणजे व्हिडिओ टीव्हीवर पाठवायचं, चिन्ह दाबलं गेलं होतं आणि यादीत '१०३ टीव्ही', '१०५ टीव्ही', '२०१ टीव्ही' ओळीने बसले होते. माफी मागितली. सकाळी त्यांनीच करदंटाचे दोन तुकडे हातावर ठेवले.

हसण्यावारी गेलं, पण हा प्रकार नीट बघण्यासारखा आहे. चांगल्या राउटरमध्ये एका पाहुण्याचं यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय असते. इथे ती बंद होती. मला त्यांचा टीव्ही दिसतो, तसा माझा लॅपटॉपही कुणाला दिसू शकतो. म्हणून विंडोजमध्ये परक्या वाय-फायला जोडताना 'पब्लिक नेटवर्क' निवडा, 'प्रायव्हेट' नको. फाइल शेअरिंग बंद ठेवा. फोनवरचं क्विक शेअर किंवा एअरड्रॉप 'सगळ्यांसाठी' उघडं असेल, तर 'फक्त संपर्क' करा. घरी सोय म्हणून चालू केलेलं असतं आणि ते तसंच आपल्याबरोबर गावोगाव फिरतं.

मात्र हवेतल्या चोराचा बागुलबुवा जरा जास्तच केला जातो, असं माझं मत. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सला जोडायचं एक साधन निघालं होतं. त्याने एकाच उघड्या वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्याचं फेसबुक चार क्लिकांत उघडायचं. त्यानंतर मोठ्या साइटी एकेक करत एचटीटीपीएसवर, म्हणजे ये-जा कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीवर, गेल्या. आज बँक, जीएसटी पोर्टल, जीमेल हे सगळं वाटेत कुलूपबंद असतं. शेजाऱ्याला फार तर कळतं, की तुम्ही कोणत्या साइटवर गेलात. काय भरलंत ते कळत नाही. पण हे कुलूप फक्त वाटेचं. चोराची साइटही एचटीटीपीएसवर असू शकते, कारण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. म्हणून पत्ता स्वतः टाइप करा, आलेल्या लिंकवरून जाऊ नका. आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा लाल इशारा बँकेच्या पानावर आला तर पुढे रेटू नका, वाय-फाय बंद करा.

स्टेशनवर वेगळी गंमत. देशात ६ हजारांहून जास्त स्टेशनांवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वाय-फाय आहे. दिवसाला पहिला अर्धा तास फुकट. बेळगाव स्टेशनवर गाडीची वाट बघताना जोडायला गेलो तर लॉगिनचं पानच उघडेना. कारण माझंच. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला (साइटीचा पत्ता कुणाला विचारायचा ते ठरवणारी सोय) मी एक ठरावीक पत्ता घालून ठेवलाय आणि तो असला की असली पानं अडतात. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, काम झालं की परत घाला. पान मोबाइल नंबर मागतं आणि ओटीपी एसएमएसने येतो. म्हणजे रेंज नसेल तर फुकटचं वाय-फायही नाही, आणि परदेशचं सिम घेऊन आलेले पाहुणे बहुधा बाहेरच. नंबर आणि ओटीपी यापलीकडे वाय-फायचं पान काही मागत असेल, म्हणजे ईमेलचा पासवर्ड, आधार, कार्ड नंबर, 'हे अ‍ॅप टाका', तर तिथेच उठायचं.

नावावरही जाऊ नका. वाय-फायचं नाव कुणीही कुणालाही देऊ शकतो. मी माझ्या हॉटस्पॉटला स्टेशनचं नाव दिलं तर मला कोण अडवणार? आणि फोन एकदा ओळखलेलं उघडं नाव दिसलं की न विचारता जाऊन चिकटतो. त्यामुळे 'ऑटो-कनेक्ट' बंद.

१९ च्या रात्री सहा रिटर्न भरली ती लॉजच्या नेटवर नाही, स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. रिटर्नला डेटा किरकोळ लागतो. खातो तो विंडोजचा अपडेट. विंडोजमध्ये हॉटस्पॉटला 'मीटर्ड', म्हणजे मोजका डेटा असलेलं, करून ठेवलं की तो गप्प बसतो. पैशांची कामं मी अशीच करतो. व्हीपीएन, म्हणजे तुमची सगळी ये-जा कुलूपबंद करून आपल्यामार्फत नेणारी सेवा, ऑफिसचा असेल तर जरूर वापरा. फुकटचा नको, कारण तिथे शेजाऱ्यावरचा अविश्वास उचलून एका अनोळखी कंपनीवर विश्वास ठेवणं एवढंच होतं.

खरी भीती मला खानापुरात वाटली, आणि तिथे वाय-फायचा संबंधच नव्हता. कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आत्याच्या आधारची प्रत काढायची होती. "व्हॉट्सअ‍ॅप करा की ह्या नंबरवर," दुकानदार म्हणाला. तो फाइल शोधत होता तेव्हा स्क्रीनवर त्याचं डाउनलोड्स उघडलं. आधार, आधार, पॅन, पासबुक, आधार. गावोगावच्या माणसांची नावं, खाली सरकवत गेलं तरी संपेनात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. नाव फाइलवरच लिहिलेलं!

"अण्णा, आमची फाइल काढून टाका, रिसायकल बिनमधूनही," म्हटलं. त्याने कुरकुर न करता टाकली. आत्याला मात्र राग आला. "त्याला काय चोर समजलास काय? त्याच्या बाला ओळखते मी." तिला समजावायला अर्धा रस्ता गेला, की माणूस चांगला असला तरी त्या संगणकावर दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात. आता तिच्या फोनमध्ये मास्क्ड आधार ठेवून दिलाय, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कचेरीत पूर्ण नंबर मागितला तर मूळ कार्ड दाखवायचं. अशा दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंच, तर निघण्याआधी फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते बाहेर काढा. आत्याच्या फोनवर बघितलं तर एक संगणक आधीपासून जोडलेला होता, तिला पत्ताच नव्हता.

कणकुंबीला गेलो ते मलप्रभेचा उगम बघायला. जांबोटीनंतर रेंज येते-जाते आणि चोर्ल्याच्या घाटात तर फोन खिशातच ठेवावा. नकाशा बेळगावातच ऑफलाइन उतरवून घ्या, गाडीची कागदपत्रं फोनमध्ये साठवून ठेवा, आणि सुट्टे पैसे बाळगा. टपरीवर क्यूआर असतो, पण नेट नसेल तर तुमचा नुसता चेहरा बघून तो भजी देणार नाही. वाटेत कुठेतरी उघडं वाय-फाय दिसलं की हात शिवशिवतात. तिथेच बँकेचं अ‍ॅप उघडायचा मोह होतो, कारण दोन तास काही आलेलं नसतं.

आणि पैसे गेलेच तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नका. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर कर्नाटकातूनही लागतो. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याचीच असेल आणि बँकेकडून संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पिन स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

परतताना निपाणीला चहाला थांबलो तेव्हा फोनमधली साठलेली वाय-फायची नावं काढून टाकली. अकरा निघाली, त्यात मागच्या वर्षीच्या एका लग्नाच्या कार्यालयाचंही होतं. उताऱ्यावर नाव अजून चढलेलं नाही. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, १९ तारखेला.