गुड फ्रायडे, ओ पॉझिटिव्ह आणि याईर

मी पुण्यात एका ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. सण कुणाचा पण असो, नाइट कुणाला तरी लागतेच. त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीची मी मुद्दाम मागून घेतली होती, कारण सकाळी आठला चार्ज दिला की पुढचा दिवस आपला. आईला घेऊन नगरला जायचं होतं (आता अहिल्यानगर, पण आईच्या तोंडी नगरच). बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार, आणि त्यातला पाचवा, 'मला तहान लागली आहे', माझ्या मामाकडे. मामा काही पाळक नाही, रिटायर्ड मास्तर. हा मान पहिल्यांदाच मिळालेला, त्यामुळे कितीतरी दिवस तो फोनवर आईला भाषण वाचून दाखवत होता. नगरला १८३१ पासून अमेरिकन मिशन आहे, ना. वा. टिळकांची गाणी तिथल्या म्हाताऱ्यांना पुस्तक न उघडता येतात, तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे समोर सगळे परीक्षकच.

सहाच्या सुमारास एका नर्सिंग होममधून सॅम्पल आलं. रात्री डिलिव्हरी झालेली बाई, ब्लीडिंग थांबत नाही, हिमोग्लोबिन पाचच्या खाली, ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या अर्जंट. सोबत नवरा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात बाहेरच्या कुठल्यातरी लॅबचा जुना रिपोर्ट, त्यावर पण ओ पॉझिटिव्हच. मी ग्रुपिंग लावलं, म्हणजे पेशींवर ए, बी आणि डी ओळखणारी द्रावणं टाकली, गुठळ्या झाल्या की ते आहे. अँटी-ए ला काही नाही, अँटी-बी ला काही नाही, अँटी-डी ला छान गुठळ्या. म्हणजे ओ पॉझिटिव्हच की. फ्रीजमधून ओ च्या पिशव्या काढल्या, क्रॉसमॅच लावला (पिशवीतलं रक्त पेशंटच्या सिरमशी जुळतं का ते बघणं) तर एकही जुळेना. दुसरी पिशवी, तिसरी पिशवी, सगळीकडे तेच. मग रिव्हर्स ग्रुपिंगची (पेशंटच्या सिरममध्ये माहितीतल्या ग्रुपच्या पेशी टाकतात ती) ट्यूब उचलून उजेडात धरली आणि झोप उडाली. ए सेल्सना गुठळ्या, बी सेल्सना गुठळ्या, हे ओ ग्रुपमध्ये असतंच, पण ओ सेल्सनासुद्धा तेवढ्याच घट्ट, ट्यूब हलवली तरी तो लाल मणी फुटत नव्हता. तिच्याच सिरममध्ये तिच्याच पेशी टाकून बघितल्या, तिथे मात्र काही नाही. शेवटी अँटी-एच लावलं. साध्या ओ ला त्याने जोरात गुठळ्या होतात, हिच्या पेशी ढिम्म.

बॉम्बे ग्रुप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या रक्तपेशींवर एच नावाचा पाया असतो, त्याच्यावर ए किंवा बी चढतो, काहीच चढलं नाही तर ओ. बॉम्बेवाल्यांकडे तो पायाच नसतो. त्यामुळे साध्या टेस्टला ते ओ दिसतात, पण ओ रक्त चढवलं तर शरीर ते परकं समजून फोडतं आणि पेशंट हातातून जाऊ शकतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्रुप पहिल्यांदा नोंदवला, म्हणून हे नाव. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक सांगतात. स्लाइडवर दोन थेंब टाकून ग्रुप सांगणाऱ्या लॅबना हा सापडणार कुठून, आणि लोक तो कागद लॅमिनेट करून जन्मभर पाकिटात ठेवतात.

मी मॅडमना फोन लावला, त्यांनी घरूनच डोनरची यादी काढून फोन सुरू केले. नर्सिंग होमला सांगितलं की कुठलंही ओ रक्त लावू नका, तोपर्यंत सलाईन, औषधं, जे करता येईल ते करा. आठला डे शिफ्टची मुलगी आली, हुशार पण नवीन, बॉम्बे फक्त परीक्षेत लिहिलेला. सुट्टीचा दिवस म्हणून दुसरं कुणी नाही. चार्ज देऊन निघालो असतो तर नियमाने मला कुणी काही बोललं नसतं.

तेवढ्यात आईचा फोन. "निघालास का?"

"आई, एक केस आलीये गं, थोडा उशीर होईल."

"तुझं थोडं म्हणजे किती ते मला माहितीये. मी जाते एसटीने. पंचाहत्तरच्या पुढे फुकट आहे, आधार कार्ड पर्समध्ये आहे." आणि ठेवला. रागावली होती, आणि बरोबरच होतं तिचं.

आमच्यात अशा वेळी लोक चांगल्या शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची, गोष्ट काढतात. मला बायबलातल्या मार्कचा पाचवा अध्याय जवळचा वाटतो, बहुतेक धंद्यामुळे. याईराची मुलगी मरायला टेकलेली, प्रभू येशू त्याच्या घरी निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई मागून येऊन कपड्याला शिवते. तो थांबतो, मला कोण शिवलं विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. मी ऐकलेले सगळे उपदेश त्या बाईवर. बाजूला उभ्या याईराचं त्या वेळी काय झालं असेल यावर कुणी बोलत नाही. सेवा सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक याईर उभा असतो, आणि बहुतेक वेळा तो आई नाहीतर बायको असते. पण प्रभू नंतर याईराच्या घरी गेला, हे पण त्याच अध्यायात आहे.

डोनर मिळाला. चाकणला कंपनीत आहे तो, सुट्टी म्हणून सहकुटुंब जेजुरीला निघालेला, गाडी तशीच आमच्याकडे वळवली. बायको-मुलं, मेहुणा, डिकीत भंडारा-खोबरं, सगळं वऱ्हाड वेटिंगमध्ये. साडेतीनशे मिली दिलं, फ्रूटी-बिस्किट खाल्लं (माझा तीनपर्यंत उपास, मी फक्त बघत होतो), आणि विचारतो, "गड चढू ना साहेब?" म्हटलं, आज पायऱ्या नको आणि गाडी पण मेहुण्याला चालवू दे. "मग ही लोकं जातील वर, मी खाली भेळ खात बसतो, खंडोबा काय रागावणार नाही." आणि गेला जेजुरीला. मला त्याचं फार आवडलं. दिलं आणि आपल्या वाटेला लागला, तोंडावर कुठे उपकार केल्याचा भाव नाही की प्लॅन बिघडल्याचा नाही.

रॅपिड किटवर रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या टेस्ट निगेटिव्ह, क्रॉसमॅच जुळला, पिशवी गेली. मागोमाग बाईचा भाऊ इंदापूरहून पोचला. सख्ख्या भावंडांत हा ग्रुप निघायचा चान्स चारात एक असतो. त्याचं ग्रुपिंग मी त्या मुलीला करायला लावलं, मी नुसता शेजारी उभा. ओ सेल्सची ट्यूब तिने उजेडात धरली आणि किंचाळलीच, "सर, बॉम्बे!" मॅडम आलेल्याच होत्या. आता माझ्यावाचून अडणारं काही राहिलं नव्हतं.

नवरा दारात आडवा आला. "साहेब, दुसरी पिशवी होईपर्यंत थांबा ना, तुम्हीच ओळखलंत." पाय जड झाले हे खरं. पण दुसऱ्या पिशवीचं काम आता ती मुलगी माझ्याइतकंच नीट करणार होती, मी थांबलो असतो ते फक्त त्याच्या बोलण्याने बरं वाटलं म्हणून. त्याला मॅडमकडे नेलं, ओळख करून दिली आणि निघालो.

रात्रभर जागून गाडी चालवायची नव्हती, वाकडेवाडीहून एसटी पकडली. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये जी झोप लागली ती शिरूरला कंडक्टरने बॅग बाजूला सरकवली तेव्हा मोडली. चर्चमध्ये शिरलो तेव्हा सातवा उद्गार चालू होता. मामाचा पाचवा केव्हाच होऊन गेलेला. आईने वळून बघितलं आणि बाकावर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. मी जाऊन बसलो.

संध्याकाळी मामाच्या घरी पिठलं-भाकरी वाढली होती. मामाने पहिल्यांदा बाईची चौकशी केली, मग चष्मा लावला, खिशातून घडी केलेले कागद काढले आणि म्हणाला, "तू नव्हतास, तर आता ऐक." आई म्हणाली, "ऐक, सुटका नाही." दुसऱ्या पानावर असताना माझा फोन वाजला, त्या मुलीचा मेसेज, दुसरी पिशवी लागली, बाईचं बीपी सुधारतंय. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"देवाची स्तुती असो," मामा म्हणाला. "आता फोन खाली ठेव. कुठे होतो मी?"