बॉण्डवर सुटलेला पोरगा

आज वर्गात १९५८ चा परिवीक्षा कायदा (प्रोबेशन, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) शिकवत होतो. कलम ६ वर गाडी अडली. जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर २१ च्या आतल्या पोराला तुरुंगात धाडताना न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. "मग धाक कसला, सर?" मागच्या बाकावरून.

संध्याकाळी भुसावळ स्टँडवर एका केळीवाल्यानं हाक मारली, "सर, वळखं का माले?" नाही ओळखलं. प्राध्यापकीआधी मी परिवीक्षा अधिकारी होतो, तेव्हाचा हा. विहिरीवरची मोटर चोरली होती. माझ्या अहवालावर बॉण्डवर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर सुटला, दोन वर्षं दर महिन्याला सायकलवर हजेरीला यायचा. मी अहवालात काय लिहिलं ते मला आठवेना. चौकशीला गेलो तेव्हा त्याच्या आईच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली, हे त्याला पक्कं आठवतं. (ठेच्यासकट. हे मलाही आठवलं.)

नव्या न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, सामुदायिक सेवा आहे. छानच. पण ती करवून घ्यायला, घरापर्यंत जायला माणूस नको?

केळीचे पैसे घेईना. भांडून दिले.